'पीपीएआर' : एका ग्राहीच्या नावाचा अर्थ व उगम

प्रस्तावना

संप्रेरकांच्या ग्राहींची नावे अध्यापनात बहुधा स्वयंस्पष्ट मानली जातात. इन्शुलिन ज्याला जोडले जाते तो इन्शुलिन ग्राही, इस्ट्रोजेन ज्याला जोडले जाते तो इस्ट्रोजेन ग्राही. केंद्रकीय संप्रेरक-ग्राहींच्या कुलातील 'पेरॉक्सिसोम प्रोलिफरेटर-ॲक्टिव्हेटेड रिसेप्टर', म्हणजेच 'पीपीएआर', हे नाव मात्र निराळ्या प्रकारचे आहे. पेरॉक्सिसोमची संख्या वाढविणे हेच या ग्राहीचे कार्य असावे, असा समज नावावरून सहज होतो. मानवाच्या संदर्भात हा समज दिशाभूल करणारा आहे. प्रस्तुत लेखात या नावाचा अर्थ, उगम व मर्यादा यांचा विचार केला आहे.

शब्दार्थ

पेरॉक्सिसोम हे हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करणारी आणि त्याचे विघटन करणारी विकरे सामावणारे पेशीअंगक होय. योहानेस रोडिन यांनी १९५४ मध्ये उंदराच्या मूत्रपिंडातील पेशींत ते पाहून त्याला 'सूक्ष्मकाय' अशा अर्थाचे नाव दिले होते. पुढे १९६० च्या दशकात क्रिस्तियाँ द द्यूव यांनी रासायनिक कार्यावरून 'पेरॉक्सिसोम' ही संज्ञा रूढ केली. यातील 'सोम' हा अंश 'देह' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. 'प्रोलिफरेटर' म्हणजे संख्यावृद्धी घडवून आणणारा पदार्थ. म्हणून संपूर्ण नावाचा अर्थ 'पेरॉक्सिसोम-वृद्धिकारक पदार्थांमुळे सक्रिय होणारा ग्राही' असा होतो. ग्राही कशामुळे सक्रिय होतो एवढेच हे नाव सांगते; तो काय करतो, हे सांगत नाही.

नावाचा उगम

रक्तातील मेद कमी करणारे क्लोफायब्रेट हे औषध दिलेल्या घुशीवर्गीय प्राण्यांच्या यकृतात पेरॉक्सिसोमची संख्या वाढते, असे १९६५ मध्ये आढळले. जनार्दन रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या विषयाचा पाठपुरावा केला. असे पदार्थ कृंतक प्राण्यांच्या यकृतात अर्बुदे निर्माण करतात, असे त्यांनी १९८० मध्ये मांडले. रासायनिक रचना भिन्न असूनही परिणाम सारखाच होत असल्याने त्यामागे एखादा विशिष्ट ग्राही असावा, या विचाराला बळ मिळाले. १९९० मध्ये इसेमान व ग्रीन यांनी इंग्लंडमध्ये उंदरातील असा ग्राही शोधून काढला. हे पदार्थ त्याला सक्रिय करतात, हे त्यांनी दाखविले. थेट बंध मात्र त्या वेळी सिद्ध झाला नव्हता. 'सक्रिय होणारा' हा सावध शब्दप्रयोग त्या पुराव्याशी सुसंगत होता.

नावाच्या मर्यादा

१९९२ मध्ये आफ्रिकी बेडकात या ग्राहीचे अल्फा, बीटा व गॅमा असे तीन प्रकार आढळले. सस्तन प्राण्यांतील बीटा प्रकारास डेल्टा असेही म्हणतात. मूळ नाव अल्फा प्रकाराच्या अभ्यासातून आले, तरी ते तिन्ही प्रकारांस लागू झाले. वास्तविक गॅमा प्रकाराचे प्रमुख कार्य मेदपेशींची घडण हे आहे. पायोग्लिटाझोन ज्या गटात मोडते, त्या गटातील मधुमेहावरील औषधे याच प्रकाराला जोडली जातात, हे १९९५ मध्ये स्पष्ट झाले. मेदाम्ले व त्यांपासून बनणारी काही संयुगे या ग्राहींना नैसर्गिकरीत्या जोडली जातात, असे १९९७ पर्यंत दिसून आले.

फायब्रेट औषधांमुळे मानवाच्या रक्तातील ट्रायग्लिसराइडचे प्रमाण अल्फा प्रकारामार्फत घटते. परंतु कृंतकांप्रमाणे पेरॉक्सिसोमची लक्षणीय वृद्धी होत नाही. त्यामुळे कृंतकांतील अर्बुदांचा निष्कर्ष मानवाला जसाच्या तसा लावता येत नाही. १९९९ च्या एकसूत्री नामपद्धतीत या तिघांना 'एनआर१सी१' ते 'एनआर१सी३' ही नावे मिळाली, तरी जुनेच नाव प्रचारात राहिले. भारतात विकसित होऊन २०१३ मध्ये येथे मान्यता मिळालेल्या सारोग्लिटाझार या औषधाचे वर्णनही अल्फा व गॅमा पीपीएआरवर कार्य करणारे असेच केले जाते.

समारोप

वैज्ञानिक नाव ही नेहमीच कार्याची व्याख्या नसते. अनेकदा ती शोधाच्या क्षणाची नोंद असते. त्या क्षणी प्रयोगासाठी कोणता प्राणी घेतला होता, कोणता पदार्थ वापरला होता आणि कोणता परिणाम मोजला होता, हे तीन प्रश्न अशा नावासोबत वर्गात मांडल्यास विद्यार्थी नाव केवळ पाठ करणार नाही. त्यामागील पुरावा आणि त्या पुराव्याची मर्यादाही त्याच्या ध्यानी येईल.