वाळू कुणाची, किनारा कुणाचा?

पर्यटन कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत पॅसिफिकमधल्या बेटांसाठी एक विशेषण ठरलेले असते: ‘निर्मनुष्य’. पांढरी वाळू, वाकलेला माड, निळे पाणी आणि चित्रात माणूस नाही. हे विशेषण दोन अर्थांनी खोटे आहे. ती वाळू कुणीतरी तयार केलेली असते, आणि तो किनारा बहुधा कुणाचा तरी असतो.

आधी वाळूचे पाहू. आपल्या कोकणातली वाळू बरीचशी खडकांच्या झिजेतून आलेली. पॅसिफिकमधल्या प्रवाळी बेटांवरची वाळू सजीवांची आहे. प्रवाळांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचे, आणि पोपटमाशांची विष्ठा. हा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचे शेवाळ खरवडतो, त्याबरोबर चुनखडीही गिळतो, घशातल्या दातांनी ती दळतो आणि पीठ मागे टाकतो. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. मधुचंद्राला गेलेली जोडपी अनवाणी चालतात ती यातल्या बऱ्याच वाळूवर! मुद्दा मात्र गंभीर आहे. मासे आणि प्रवाळ संपले तर किनाऱ्याला नवी वाळू मिळणार नाही.

आता मालकीचे. सामोआत सुमारे ऐंशी टक्के जमीन परंपरेने कुटुंबांची आणि गावांची आहे. ती विकता येत नाही, भाड्याने देता येते. राज्यघटनेनुसार भरतीरेषेच्या खालची जमीन सरकारची. पण त्या रेषेपर्यंत पोहोचायचे तर गावातून जावे लागते, म्हणून किनाऱ्यावर काही ताला (तिथले चलन) शुल्क घेतले जाते. नवखा पर्यटक याला लूट समजतो. खरे तर ते दुसऱ्याच्या अंगणात बसण्याचे मोल आहे, आणि अंगणाचे नियमही असतात. संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी, ज्याला तिथे ‘सा’ म्हणतात, गावातून फिरायचे नाही. पोहण्याच्या कपड्यांत वस्तीत शिरायचे नाही, कमरेला लावालावा गुंडाळायची. रविवारी अनेक गावांत पोहणेही बंद. हे नियम ठरवते ती कुटुंबप्रमुखांची, म्हणजे मताईंची, सभा.

राहायची सोयही गावाचीच. ‘फाले’ म्हणजे खांबांवरचे, भिंती नसलेले छप्पर. पाऊस आला की माडाच्या झापांचे पडदे खाली सोडायचे. १९९० आणि १९९१ च्या चक्रीवादळांनी शेती मोडली, १९९३ मध्ये अळूवर करपा पडला. त्या दशकात अनेक कुटुंबांनी किनाऱ्यावर फाले बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. परदेशी भांडवलाशिवाय उभे राहिलेले हे पर्यटन मला तरी पंचतारांकित हॉटेलांपेक्षा अधिक अभ्यासण्याजोगे वाटते. २९ सप्टेंबर २००९ च्या त्सुनामीत उपोलू बेटावरच्या लालोमानू किनाऱ्यावरचे फाले वाहून गेले. देशात शंभरावर माणसे दगावली. तिथे पुन्हा फाले उभे राहिले.

फिजीत हा प्रश्न थेट राजकारणात शिरला. तिथे समुद्रतळ सरकारचा, पण मासेमारीचा पारंपरिक हक्क कुळांचा. त्या जलक्षेत्राला ‘कोलीकोली’ म्हणतात. (आपल्या ‘कोळी’ शब्दाशी संबंध जोडायचा मोह होईल, तो आवरावा.) २००६ मध्ये करासे सरकारने या क्षेत्राची मालकीच कुळांना देणारे विधेयक आणले. हॉटेलमालक धास्तावले. लष्करप्रमुख बैनीमारामा यांनी ते मागे घेण्याची मागणी केली, आणि ५ डिसेंबर २००६ रोजी सत्तापालट केला. कारणे अनेक होती. हे विधेयक त्यांतले एक. पुढे २०१० मध्ये त्यांच्याच राजवटीने हुकूम काढून लाटांवर स्वार होण्याच्या जागा सर्वांना खुल्या केल्या. तोवर ‘क्लाउडब्रेक’ या जगप्रसिद्ध लाटेवर एका रिसॉर्टच्याच पाहुण्यांचा हक्क होता, आणि त्याचा मोबदला स्थानिक हक्कदारांना मिळत असे. म्हणजे पर्यटकांसाठी समुद्र मोकळा झाला तो कुळांच्या हातून एक मिळकत काढून. या व्यवहारात न्याय कुठे आहे, हे मला तरी सहज सांगता येत नाही.

याच्या नेमके उलटे चित्र हवाईतल्या वैकिकीचे. तिथे कायद्याने लाटा पोहोचतात तिथवरचा किनारा सार्वजनिक. शुल्क नाही, मताई नाहीत. एकेकाळी ही अळूची खाचरे आणि मत्स्यतळी असलेली पाणथळ जागा होती. १९२० च्या दशकात कालवा खणून ती कोरडी केली, किनाऱ्यालगत हॉटेले आणि संरक्षक भिंती उभ्या राहिल्या, आणि वाळू वाहून जाऊ लागली. मग ती बाहेरून आणून टाकणे आले. २०१२ मध्ये समुद्रातून उपसून वाळू पसरली, २०२१ मध्ये पुन्हा. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या २०१२ च्या अहवालानुसार काउआई, ओआहू आणि माउई या बेटांवरचे सत्तर टक्के किनारे गेल्या शतकभरात झिजत आले आहेत.

तिथल्या बाजारात पोपटमासा ‘उहू’ नावाने विकला जातो, चवीला उत्तम म्हणून. माउई बेटावर २०१४ पासून माणशी दिवसाला दोनच उहू पकडता येतात.