हबशी माणसांची दोन चित्रे

आफ्रिकेतून परमुलखात नेलेल्या माणसांचा विषय निघाला की आपल्याला प्रथम अमेरिका आठवते. वस्तुतः हा इतिहास दख्खनचाही आहे. इथिओपियात जन्मलेला व गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. 1610 साली त्याने वसविलेले खडकी म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर होय. जहांगीर बादशहाला त्याचा निःपात करता आला नाही. तेव्हा त्याने 1616च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढविले. त्यात बादशहा भाल्यावर खोवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. अंबर 1626 साली वृद्धापकाळाने वारला.

हे झाले शत्रूने रंगविलेले चित्र. हबशांनी स्वतः घडविलेले चित्र पाहावयाचे तर उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या भागांतील सिद्दी वस्त्यांत जावे लागते. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी कित्येक जण तेथून पळून या रानांत येऊन राहिले. त्यांच्या वंशजांत आज हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आढळतात. त्यांच्या कोकणी बोलीत कानडी व मराठी शब्द मिसळलेले आहेत. दमाम वाजवून गाणे व नाचणे त्यांनी टिकवून ठेवले आहे. बायका घरातल्या माणसांच्या जीर्ण कपड्यांचे तुकडे जोडून ‘कवंदी’ शिवतात.

कवंदी ही आपल्या गोधडीची बहीणच. जुन्या लुगड्याच्या अस्तरावर कोपऱ्यापासून धावदोरा सुरू होतो आणि कडेकडेने फिरत मध्यापर्यंत येतो. ख्रिस्ती बाई तीत क्रूस बसविते, मुसलमान बाई चंद्रकोर. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची ‘फुले’ मात्र सर्वांच्या कवंदीत असतात. ती नसली तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. काही जणी आत तांदळाचे थोडे दाणेही ठेवतात. कवंदीचे पोट भरलेले असावे, म्हणजे पांघरणाऱ्याचेही भरेल, अशी त्यामागील भावना.

या शिवणीत शुद्ध आफ्रिका शोधू नये. कापड येथले, बोली येथली, तांदूळही येथलाच. परंतु अंबरचे चित्र बादशहाच्या मर्जीने रंगले. कवंदीत काय असावे, हे शिवणारी बाई स्वतः ठरविते.