चांद्याच्या वेशीवरील गजसिंह

चंद्रपुरास ज्यांचें जाणेंयेणें आहे, ते जटपुरा दरवाजाखालून अनेकवार गेले असतील. वाहनांच्या गर्दींत मान वर करण्यास सवड कोणास? परंतु क्षणभर थांबून पाहिलें तर दगडांत कोरलेला, हत्तीवर स्वार झालेला सिंह दृष्टीस पडतो. हें निव्वळ शोभेचें नक्षीकाम नव्हे. चांद्याच्या गोंड राजांचें तें राजचिन्ह होय.

सिंहानें गजाचें गंडस्थळ फोडावें व त्यांतून मोत्यें विखुरावीं, हा संकेत संस्कृत काव्याच्या वाचकांस परिचित आहे. देवालयांच्या भिंतींवरही हत्तीस दाबून धरणारे व्याल आढळतात. तेवढ्यावरून हें चिन्ह उसनें म्हणून मोडींत काढणें आम्हांस रुचत नाहीं. युरोपांतही असेंच आहे. स्वीडन देशांतील येम्टलँड प्रांताच्या चिन्हांत एका थोर शिंगांच्या हरिणावर ससाणा व लांडगा तुटून पडलेले आहेत. १६४५ च्या तहानें तो प्रांत नॉर्वेकडून स्वीडनकडे गेला. हरिण मात्र कायम राहिलें. तेथें तें चिन्ह शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. आपल्याकडे पदवीधरांसही गजसिंह ठाऊक नाहीं. शालेय पुस्तकें यादवांवरून बहामनींकडे व तेथून शिवकालाकडे उडी घेतात, आणि गोंड म्हणजे रानांत राहणारे लोक एवढीच समजूत घरोघर उरते.

वस्तुतः अबुल फझलाच्या ऐने-अकबरींत येथील गोंड राजा बाबाजी याचे १,००० घोडेस्वार व ४०,००० पायदळ नोंदलें आहे, आणि वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेखही तेथेंच येतो.

राजधानी प्रथम शिरपूर, मग बल्लारपूर व शेवटीं चंद्रपूर. नगरस्थापनेची कथा अशी: अंगावरील व्रणांनीं पीडित खांडक्या बल्लाळशहा शिकारीस गेला असतां झरपट नदीच्या कुंडांतील पाण्यानें त्याचे व्रण बरे झाले. पुढें कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करतांना दिसला. राणीनें सल्ला दिला कीं, ज्या मार्गानें ते धांवले त्या मार्गानें तट बांधावा. (कुत्र्यामागें लागलेला ससा विजयनगरास व अहमदाबादेसही भेटतो, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. कपाळावरील चंद्र मात्र खास चांद्याचा!) या तटास जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे व पांच खिडक्या आहेत. मृत पति बीरशहा याची समाधि बांधविणारी राणी हिराई याच घराण्यांतील. तिचें नांव येथें अद्याप आदरानें घेतात.

१७५१ सालीं शेवटचा राजा नीलकंठशहा याचें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं किल्ला घेतला, १८५४ मध्यें मुलूखही खालसा झाला. १९६४ सालीं चांदा जिल्ह्याचें चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली निराळा होऊन वैरागड तिकडे गेला. इतके धनी बदलले, परंतु वेशीवरील सिंहास हत्तीवरून कोणीं उतरविलें नाहीं. चैत्रांत महाकालीच्या यात्रेस जाणाऱ्या कुटुंबांनीं मुलांस घेऊन जटपुऱ्यापाशीं दहा मिनिटें उभें राहावें. सकाळचीं उन्हें कलतीं असतांना कोरीव काम चांगलें दिसतें.