भाषा लावते ती सवय

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या होपव्हेल गावात गुगू यिमिधिर ही तिथल्या आदिवासींची भाषा बोलली जाते. कुठली वस्तू कुठे आहे हे सांगताना या भाषेत डावे-उजवे नसते. पायाजवळची मुंगीसुद्धा पायाच्या उत्तरेला असते. १९८० साली भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलँड यांनी तिथल्या एका वृद्धाला होडी उलटल्याची जुनी हकिकत सांगताना चित्रित केले. तो पश्चिमेकडे तोंड करून बसला होता आणि होडी कशी उलटली हे दाखवताना त्याचे हात पुढच्या बाजूला गेले. दोन वर्षांनी स्टीफन लेव्हिन्सन यांच्यापुढे त्याने तीच हकिकत सांगितली. या वेळी तोंड उत्तरेला होते, तर हात उजवीकडून डावीकडे गेले. म्हणजे दोन्ही वेळा होडी पूर्वेकडून पश्चिमेकडेच उलटली. बोलताना केव्हाही दिशा सांगावी लागणार, म्हणून ती पाहतानाच मनात टिपून ठेवावी लागते. माझ्या मते भाषा विचाराला वळण लावते ती या रोजच्या सक्तीतून.

उघड्या रानात वावरणाऱ्याला दिशा कळणारच, त्याचे श्रेय भाषेला कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. मेक्सिकोतल्या, अशाच डाव्या-उजव्याशिवाय बोलणाऱ्या त्सेल्ताल भाषकांपुढे लेव्हिन्सन यांच्या गटाने खेळण्यातले प्राणी रांगेत मांडले, मग त्यांना पाठमोरे वळवून दुसऱ्या टेबलावर तशीच रांग लावायला सांगितली. बहुतेकांनी दिशा राखली. डच लोकांनी मात्र डावे-उजवे राखले. २००२ साली पेगी ली आणि लायला ग्लाइटमन यांनी दाखवले, की आजूबाजूच्या खुणा बदलल्या तर अमेरिकी विद्यार्थ्यांची उत्तरेही बदलतात. त्यावर लेव्हिन्सन यांच्या गटाने डच लोकांची चाचणी उघड्यावर घेतली, तरी त्यांनी डावे-उजवे सोडले नाही. नुसत्या परिसराने याचा उलगडा होत नाही.

तरीही भाषा म्हणजे विचाराचा तुरुंग, हे काही मला पटत नाही. अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या भाषेत काळाची कल्पनाच नाही, हे भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन व्होर्फ यांचे म्हणणे एकेहार्ट मालोत्की यांनी १९८३ साली होपी बोलण्यातलेच ढीगभर दाखले देऊन खोडून काढले. स्वतःच्या डाव्या-उजव्या बाजूवरून सोडवायचे कोडे दिले, तर ते त्सेल्ताल भाषकांनाही जमते, असे ली आणि सहकाऱ्यांना २०११ मध्ये आढळले. आपल्याकडेही जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा असेच लिहितात, कारण वाचणारा कुठे तोंड करून उभा असेल ते कागदाला ठाऊक नसते. पण रस्ता विचारणाऱ्याला त्याच शेताकडे पाठवताना आपण ‘डाव्या हाताला वळा’ असेच सांगतो.