ताप उतरला, सांधे राहिले

2024 च्या पावसाळ्यात चिकुनगुनिया पुन्हा नागपूर-अमरावतीकडे आला. तेव्हा आमच्याकडे फवारणीची गाडी धूर सोडून गेली, भोंग्यावरून ‘कोरडा दिवस पाळा’ झालं आणि दिवाळीपर्यंत सगळे विसरले. ज्यांनी 2006 ची साथ अंगावर काढलीय त्यांना हे विसरणं झोंबलं. त्या साथीला आता वीस वर्षं होतायत.

त्याआधीचं फार सांगण्यासारखं नाही. आमच्या नांदगाव खंडेश्वरात सांधे दुखतच होते. बाईचे दुखले तर वात, म्हाताऱ्याचे दुखले तर वय. निरगुडीचा पाला बांधायचा, शेकायचं, पुन्हा निंदणाला जायचं. 1973 मध्ये बार्शीला चिकुनगुनियाची मोठी साथ येऊन गेली होती, पण वऱ्हाडात ते कोणाला ठाऊक? 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रांच्या पथकानं घरोघर जाऊन सांधेदुखी मोजली, तर प्रौढांपैकी शंभरात अठरा जण दुखणाईत निघाले. आमच्या दारात असं पथक आल्याचं मला आठवत नाही.

मग 2006 उजाडलं. जुलैच्या पहिल्याच तारखेला पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात सिंचन होतं, कर्जाचं व्याज होतं, दुभत्या गाई होत्या. ज्या गुडघ्यांवर शेती चालते ते कोणाच्या यादीत नव्हते. त्याच हंगामात ताप आला. ताप तीन-चार दिवसांत उतरायचा, पण मनगटं, घोटे, बोटांची पेरं अशी धरायची की चांगला धट्टाकट्टा गडी भिंत धरून मोरीपर्यंत जायचा. डवरणी खोळंबली, दवाखान्यात सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या. देशभरात जवळपास 14 लाख संशयित रुग्ण. सरकारी लेखी मृत्यू एकही नाही. म्हणजे काळजीचं कारण नाही, असाच त्याचा अर्थ लावला गेला.

एक मात्र झालं. गडी माणसं आडवी पडली तेव्हा कुठे सांधेदुखी ही बातमी झाली. बाया त्याआधी तीस-तीस वर्षं उकिडव्या बसून निंदत होत्या, वाकून पीक सोंगत होत्या. त्यांच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजत होती ती कोणी छापली नाही.

पुढची दहा वर्षं मला जास्त खुपतात. साथ गेली आणि गावातल्या प्रत्येक दुखण्याला चिकुनगुनियाचं लेबल चिकटलं. तो विषाणू काहींचे सांधे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षं छळतो, हे खरंच आहे; आधीच झिजलेल्यांना जास्त. पण रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद सुजला तर ते बहुधा युरिक अॅसिडचं. जिना उतरताना गुडघा कळवळला तर बहुतेक झीज. आणि सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासभर वळत नसतील, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर बहुधा आमवात. हा बायांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो.

आमच्या ओळीतल्या एका मावशीला आमवातच होता. कापूस वेचणीच्या ओटीची गाठ तिला सुटेना, नातीकडून सोडवून घ्यायची. भाकर थापायची तर तळहाताच्या कडेनं. विचारलं की म्हणायची, “काय करता भाऊ, चिकनगुन्या अंगातून गेलाच नाई.” एका डॉक्टरानं हेच सांगून तिला वर्षानुवर्षं सुया टोचल्या. नंतर कोणीतरी पुड्या आणून दिल्या. पुडी घेतली की दोन दिवसांत मावशी शेतात. चेहरा गोल सुजला, साखर वाढली, तेव्हा कळलं की जडीबुटी म्हणून विकलेल्या त्या पुडीत स्टिरॉइड होतं. अमरावतीत रक्त तपासून आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली तोवर बोटं वाकडी झाली होती. गोळी महाग नाही. डॉक्टरांच्या देखरेखीत, रक्त तपासत, वेळेवर सुरू झाली असती तर ओटीची गाठ मावशीनं स्वतःच सोडली असती.

नंतरचं थोडक्यात. तणनाशक आलं, निंदण घटलं, बायांची मजुरी बुडाली, गुडघे काही नवे आले नाहीत. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, हे चांगलंच झालं. आता अमरावतीच्या वाटेवर हसऱ्या आजोबांचे गुडघाबदलीचे फलक आहेत. फलकावर आजीही असते, पण तिच्या हातात विळा नसतो.

डासाचं तर जसंच्या तसं. एडिस दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही म्हणून टाकी, रांजण, ड्रम भरलेले. पाऊस सुरू झाला की कूलर बंद, पण त्यातलं पाणी आखाडीपर्यंत तसंच. धुराची गाडी रस्त्यावरून जाते. कूलर घरात असतो. 2024 मध्ये मी हे एका कर्मचाऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, “साहेब, आमाले रस्त्याचाच आदेश हाय.”