उंच केलेली जीप आणि घाटाचा उतार

जव्हार-मोखाड्याचे रस्ते पावसाळ्यात कसे होतात, हे जामसरच्या माणसाला सांगायला नको. चिखल, वाहते ओहळ, खचलेल्या कडा. अशा दिवसांत आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला जीपचाच आधार वाटतो. त्यामुळे ‘फोर बाय फोर’ गाडी उंच करून मोठे टायर बसवण्याची हौस इथे गरजही वाटू शकते. पण गाडी नुसती उंच होत नाही. इंजिनापासून चाकापर्यंतचं सगळं गणित बदलतं.

आधी टायर पाहू. ३० इंचीऐवजी ३३ इंची टायर बसवला, की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १० टक्के जास्त अंतर कापते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६६ असतो. चढावर चाकाची ओढ सुमारे ९ टक्क्यांनी घटते. खरा धोका मात्र उतारावर आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जेवढं आवरून धरत होतं, तेवढं आता धरत नाही. तो भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि फार तापले की त्यांची पकड सुटू लागते. एवढं करून टायरमुळे अ‍ॅक्सल वर उचलला जातो तो फक्त दीड इंच!

यावर उपाय म्हणजे डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन बदलणं. मूळ रेशो ४.१ असेल, तर ३३ इंची टायरला तो साधारण ४.५ हवा. तोही पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला सारखाच. एकच बदलला, तर फोर बाय फोर लावताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो.

दुसरी गोष्ट प्रोपेलर शाफ्टची. सस्पेन्शन उंच केलं, की ट्रान्सफर केस वर जातो, अ‍ॅक्सल खालीच राहतो आणि शाफ्ट जास्त तिरका होतो. त्याच्या टोकांचे क्रॉस तिरके फिरताना प्रत्येक फेऱ्यात शाफ्टची गती दोनदा कमी-जास्त होते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील, तर एकाचा फरक दुसरा भरून काढतो. नसतील, तर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर झिजतात. नव्या थारसारख्या गाडीत पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात. तिथे ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बूटवर ताण येतो. बूट फाटला, की ग्रीस बाहेर आणि चिखल आत.

कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिवाय उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, त्यामुळे वळणावर ती कलंडण्याची भीती वाढते. गरोदर बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला तिच्यात चढणंही अवघड होतं.

मग करायचं काय? मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घ्या. कच्च्या, निसरड्या उतारावर लो रेंज लावा आणि इंजिनाला गाडी धरू द्या. ओढ्यातून गाडी काढल्यावर क्रॉसना ग्रीस द्या आणि अ‍ॅक्सलचं तेल पाहा. ते दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय. तेल बदलल्याशिवाय पुढचा घाट चढू नका.