ड्रोन उडायच्या आधी चुना: गावठाणाचा फोटो वरून कसा काढतात?

(या भागाचं शब्दांकन. बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय.)

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, शेताचा सातबारा प्रत्येकाच्या कपाटात असतो. पण राहत्या घराचं काय? बहुतेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा. तो करासाठी असतो, हद्दीचा नकाशा त्यात नसतो. ही उणीव भरून काढायला 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. त्याआधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला होता.

आता उड्डाणाची तयारी कशी होते ते बघू. आधी आकाशाचा नकाशा तपासायचा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे हिरव्या पट्ट्यात 400 फूट, म्हणजे साधारण 120 मीटरपर्यंत उडता येतं. पण चालू विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरवर असाल, तर परवानगीशिवाय 200 फूटच. काकडीच्या शिर्डी विमानतळाजवळच्या गावांनी हे ध्यानात ठेवायचं.

मग उंची ठरते. उंची दुप्पट केली की फोटोतला एक ठिपका जमिनीवर दुप्पट रुंद जागा व्यापतो, म्हणजे बारकावा कमी. ड्रोन पाभरीसारखा तासामागून तास घेत जातो. फरक एवढाच, की प्रत्येक फोटो शेजारच्या फोटोवर बराचसा चढलेला लागतो. एकच कोपरा अनेक फोटोंत दिसला, तरच संगणक ते नीट जोडतो. वेळ शक्यतो दुपारची, कारण सकाळी-संध्याकाळी लांब सावल्यांत बोळ बुडून जातात. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर उड्डाण पुढे ढकलायचं.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम तुमचं आहे: चुना. उड्डाणाआधी घरमालकांनी शेजाऱ्यासमोर हद्दीवर चुन्याची रेघ मारायची असते. या मोजणीत एक ठिपका साधारण 5 सेंटिमीटरचा. बोटभर रेघ त्यात हरवते, म्हणून चांगली वीतभर रुंद मारा. झाडाखाली किंवा वळचणीखाली मारलेली रेघ वरून दिसतच नाही. तिथे उघड्यावर दिसेल अशी खूण करा.

आणखी एक मेख आहे. ड्रोनला भिंत दिसत नाही, छप्पर दिसतं. पत्रा दोन फूट पुढे आला असेल, तर फोटोत घर तेवढं मोठं दिसतं, आणि भांडण नेमकं त्या दोन फुटांचं असतं! म्हणूनच नकाशा तयार झाल्यावर भूमी अभिलेखची माणसं गावात येऊन पडताळणी करतात, हरकती ऐकतात, आणि मग मिळकत पत्रिका तयार होते.

तेव्हा दवंडी ऐकली की त्या दिवशी घरी थांबा. पोरगा पुण्याला नोकरीला असेल तर त्यालाही बोलवा. ड्रोन थोड्या वेळात निघून जातो, पण कागद पुढच्या पिढीपर्यंत राहतो.

भेटू पुढच्या भागात!